आडवी बाटली: आधी मतदार यादी हातात घ्या

ताई, गावातलं दारू दुकान बंद करायला 25 टक्के महिलांच्या सह्या दिल्यात, पण ‘पडताळणी होईल’ यापलीकडे कुणी बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमचंही हेच झालं होतं. अर्ज, ग्रामसभा वगैरे तुमचं झालंय, ते सोडते.

आम्हाला सगळ्यात जास्त छळलं ते पडताळणीने. कार्यालयाचं नाव घेत नाही. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ ऐकत हेलपाटे मारले, आणि मग ऐन कापूस वेचणीत आदल्या संध्याकाळी निरोप: उद्या सकाळी शाळेत या. निम्म्या बाया रानात. आल्या त्यांच्या सह्या अक्षर अक्षर ताडून पाहिल्या. अर्जावर नुसतं नाव आणि समोर लिहिताना पुढे ‘बाई’ लागलं, की सही बाद! जिला एरवी पेन धरायची वेळ येत नाही तिचा हात साहेबासमोर कापणारच. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही, कळून घ्यायचं नव्हतं. आजही संताप होतो. तेव्हा तारीख लेखी मागा, प्रत्येक कागदाची शिक्क्यासह पोच घ्या, आणि अर्जाची झेरॉक्स घरोघर नेऊन ‘तश्शीच सही करा’ म्हणून सांगून ठेवा.

आता मतदान. सह्या खऱ्या ठरल्या की दुकानावर मतदान होतं: आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. ‘जास्त मतं पडली की जिंकलो’ असं गावात कोण म्हणत असेल तर ते चूक आहे. महाराष्ट्र सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे मतदार यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. यादीत 1000 नावं असतील तर 501. समजा 600 जणी आल्या, 480 जणींनी आडवी केली, तरी दुकान चालूच. घरी बसलेली, सासरी गेलेली, वारलेली, सगळ्यांची नावं उभ्या बाटलीच्याच कामी येतात. बीएलओला (मतदार यादीचं काम बघणारा गावातला कर्मचारी) गाठून सासरी गेलेल्या आणि वारलेल्या बायांच्या नावांसाठी नमुना 7, म्हणजे यादीतून नाव वगळायचा अर्ज, आत्ताच भरा. आमदार निवडायला ही अट नाही, दुकान बंद करायला आहे. मला हा सरळ अन्याय वाटतो.

(मी वकील नाही. शहरी वॉर्डाचं मला माहीत नाही. सध्याचा नियम जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या.)

आणखी एक. मतदानाने फक्त परवान्याचं दुकान बंद होतं, हातभट्टी नाही. गावठी कुठे उतरते हे बायांना पक्कं ठाऊक असतं. 112 ला फोन कोण करणार हे आधीच ठरवा, आणि एकटीवर टाकू नका, तिला गावात राहायचं असतं.

तुमच्या यादीत महिला किती ते लिहा. किती मतं लागतील ते सांगते.