वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं: विश्वास आहे, पण मनातली शंका जात नाही

प्रश्न: ताई, जय ख्रिस्त. मी लहानपणापासून चर्चमध्येच वाढले, संडे स्कूल, युथ ग्रुप, आता क्वायरमध्ये गाते. मागच्या वर्षी माझी एकदम जवळची मैत्रीण आजारपणात गेली. अख्ख्या मंडळीने तिच्यासाठी उपास केले, साखळी प्रार्थना केली, तरी गेली. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की वाटतं आपण भिंतीशी बोलतोय. रविवारी पुढे उभं राहून गाताना ढोंग केल्यासारखं वाटतं. त्यात परवा पास्टरांनी याकोबाच्या पत्रातलं ते वचन घेतलं, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो, त्याला प्रभूकडून काही मिळेल असं त्याने समजू नये. घरी येऊन खूप रडले. माझा विश्वास संपलाय का? कोणाशी बोलायची पण भीती वाटते. (प्लीज नाव छापू नका.)

उत्तर: अगं, विश्वास संपलेलं माणूस हा प्रश्न विचारून रडत नाही. ज्याला देवाचं काही पडलेलं नाही त्याला देव गप्प आहे याचा त्रास कशाला होईल? तुझं पत्र वाचून मला सगळ्यात आधी वाटलं की तुझी शंका डोक्यातून आलेली नाहीये, ती दुःखातून आलीये, आणि हे आधी ओळखायला पाहिजे, कारण दुःखातल्या माणसाला मुद्दे आणि पुरावे ऐकवून काही होत नसतं. तुला मैत्रिणीसाठी रडायला तरी पुरेसं मिळालं का? की लगेच 'देवाची इच्छा' म्हणून सगळ्यांनी विषय बंद केला? आपल्या मंडळ्यांमध्ये हे फार होतं आणि मला ते अजिबात पटत नाही. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडला आणि म्हणाला बस झालं, माझा जीव घे, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, देवदूताने उठवून खायला दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, आणि बोलणं झालं ते नंतर, डोंगरावर (1 राजे 19).

आता याकोबाचं वचन. ते 1:6 आहे, पण त्याच्या आधीचं 1:5 वाच ना, ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने देवाकडे मागावं, तो दोष न लावता सढळ हाताने देतो. म्हणजे जो आपल्याला कळत नाही म्हणून देवाकडेच जातो त्याला तिथे बोलावलंय. पुढे ज्याला फटकारलंय तो दोन मनांचा माणूस आहे, देवाकडे मागतोही आणि त्याच्यावर भिस्त टाकायची त्याची तयारीही नसते. तू तशी नाहीस, तू त्याच्याकडेच जातेयस आणि उत्तर येत नाही म्हणून तळमळतेयस. आणि यहूदाच्या छोट्याशा पत्रात 22व्या वचनात सरळ लिहिलंय की संशयात असलेल्यांवर दया करा. हे वचनही उपदेशात आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बाप्तिस्मा करणारा योहान बघ. ज्याने 'हा पाहा देवाचा कोकरा' म्हणून येशूकडे बोट दाखवलं, तोच तुरुंगात पडल्यावर माणसं पाठवून विचारतो की येणारा तो तुम्हीच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची (मत्तय 11). येशू चिडला नाही. आंधळे बघतायत, पांगळे चालतायत, गरिबांना सुवार्ता सांगितली जातेय, हे जाऊन सांगा म्हणाला, आणि ती माणसं निघाल्यावर लोकांसमोर योहानाचं इतकं कौतुक केलं की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत याच्याहून मोठा कोणी झाला नाही. पण एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही, योहान तुरुंगातून सुटला नाही, तिथेच त्याचा शिरच्छेद झाला. तुझी मैत्रीण का गेली हे मला माहीत नाही आणि जो कोणी माहीत आहे म्हणेल त्याचं ऐकू नकोस. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला मनाच्या अशाच अंधाराने आयुष्यभर छळलं. मदर तेरेसांची खाजगी पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की ही बाई कितीतरी दशकं देव जवळ असल्याचं न जाणवता प्रार्थना करत होती, सेवा करत होती. मग त्या प्रार्थनांना ढोंग म्हणायचं का? मी तर त्याला निष्ठा म्हणेन, आणि तुझ्या गाण्यालाही.

करायचं काय, तर स्तोत्र 88 मोठ्याने वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, म्हणजे असं बोलायची परवानगी आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर तेच तुझी प्रार्थना होऊ दे. आणि मंडळीतल्या एकाच भरवशाच्या माणसाला सांग, सगळ्यांना नको. येशू उठलाय हे स्वतः बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याची गोष्ट आपण नेहमी 'अविश्वासू थोमा' म्हणून सांगतो, पण तो आठवडाभर बाकीच्या शिष्यांबरोबर होता, त्याने त्यांना सोडलं नाही आणि त्यांनीही त्याला बाहेर काढलं नाही, आणि येशू आला तेव्हा तो तिथे होता (योहान 20). क्वायर सोडू नकोस असं मी म्हणेन, पण एखाद्या रविवारी गायचं बळ नसेल तर खाली बस आणि बाकीच्यांना तुझ्यासाठी गाऊ दे. महिने झाले तरी झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेट, त्यात विश्वास कमी असण्याचा काहीही संबंध नाही.

प्रश्न: कॉलेजमधले मित्र व्हिडिओ पाठवतात की पुनरुत्थानाची, म्हणजे येशू मरणातून उठल्याची, गोष्ट शेकडो वर्षांनी कोणीतरी रचली. मला उत्तर देता येत नाही आणि मग मलाच डाउट येतो.

उत्तर: तुझा प्रश्न डोक्याचा आहे, त्यामुळे त्याला अभ्यास लागेल, नुसतं 'विश्वास ठेव' म्हणून भागणार नाही. करिंथकरांस पहिलं पत्र 15वा अध्याय उघड. हे पत्र साधारण इ.स. 55 च्या आसपासचं, म्हणजे वधस्तंभानंतर जेमतेम 20-25 वर्षांनी, आणि त्यात ते लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की जे मला मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, म्हणजे ही साक्ष त्याच्याही आधीची आहे, आणि हे विश्वास न ठेवणारे अभ्यासकही बहुतेक मान्य करतात. शेकडो वर्षं कुठून आली मग? तो असंही सांगतो की प्रभू एकाच वेळी पाचशेहून जास्त बांधवांना दिसला आणि त्यातले बरेच अजून जिवंत आहेत. म्हणजे जा आणि विचारा. शिवाय चारही शुभवर्तमानांत (येशूच्या जीवनाच्या पुस्तकांत) रिकामी कबर आधी स्त्रियांना दिसते, ज्या काळात स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती त्या काळात गोष्ट रचणाऱ्याने असे साक्षीदार निवडले नसते. याने गणितासारखं सिद्ध होतं असं मी म्हणत नाही, विश्वासाचं पाऊल तुला टाकावंच लागेल, पण पायाखाली जमीन आहे. पौल तर स्वतःच म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ. इतकं उघडं बोलणाऱ्याला प्रश्नांची भीती नव्हती, तूही घाबरू नकोस. मित्रांना लगेच उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, 'वाचून सांगतो' म्हण आणि खरंच वाच.

प्रश्न: विश्वासात वाढायचंय पण रोजचं बायबल वाचन चार दिवस होतं आणि बंद पडतं. काय करू?

उत्तर: वर्षभरात पूर्ण बायबलचा प्लॅन सध्या बाजूला ठेवा. मार्कचं शुभवर्तमान घ्या, 16च अध्याय आहेत, रोज अर्धा वाचला तरी चालेल, एखादा दिवस राहिला तर मागचं भरून काढायच्या नादाला लागू नका, जिथे थांबलात तिथून पुढे. नवव्या अध्यायात एक बाप भेटेल, आजारी मुलाला घेऊन आलेला, तो म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर येशू त्याच्या मुलाला बरं करतो. वाचताना जे समजलं नाही किंवा पटलं नाही ते वहीत लिहा आणि बायबल स्टडीला तो प्रश्न घेऊन जा. आणि वाचलेल्यातलं जे स्पष्ट कळलं, कोणाला माफ करायचंय, कोणाला भेटायचंय, ते त्याच आठवड्यात करा.