कागदावर ट्राम आखताना

भाऊ, नागपुरातल्या सीताबर्डी-महाल-सक्करदरा ट्रामचा तुमचा नकाशा पाहिला. पहिल्या खेपेला एवढं जमलं, झकास! सध्या तीनच गोष्टी बघा.

१. थांबे फार झाले. दर दोनशे मीटरला थांबा दिला की सगळे खूश, पण गाडी रांगते. चारशे-पाचशे मीटर ठेवा. (मे महिन्यात उन्हात चालताना लोक शिव्या घालतील, ते वेगळं.)

२. रूळ. इथे सगळेच फसतात, मीही फसलो. बडकस चौकात कोणी गाडी तिरपी लावून तर्री पोहे खायला गेला, की बस वळसा घालून निघते. ट्राम घंटा बडवत उभी, मागच्या सगळ्या ट्रामसकट. कोलकात्यात १८७३ साली घोड्यांची ट्राम आली, पुढे मोटारींच्या गर्दीत तिचं हेच दुखणं झालं. वेगळा पट्टा द्या. मग पार्किंग जाणार, दुकानदार भांडणार. काय सोडायचं ते आधीच ठरवा.

३. जायला २८ मिनिटं, यायला २८, टोकांना ४-४: फेरी ६४ मिनिटांची. दर ८ मिनिटांना गाडी हवी तर ८ ट्राम लागतील. टोकाची ती चार मिनिटं कापू नका, उशीर तिथेच भरून निघतो.

सिग्नल, डेपो नंतर. आधी संध्याकाळी सहाला सायकलने तो रस्ता फिरून या.