म्हैसूरचे चित्र आणि मुंबईतला वर्ग

प्रश्न : सुट्टीत आम्ही म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात दिवा घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्र पाहिले. आमच्या मार्गदर्शकाने ते राजा रविवर्मा यांचे असल्याचे सांगितले. माझे वडील मात्र ते सावंतवाडीच्या हळदणकर मास्तरांचे आहे, असे ठामपणे म्हणतात. मास्तर मुंबईत चित्रकलेचा वर्ग चालवत असत, असेही ते सांगतात. मुलांना रेघोट्या शिकवण्यात दिवस घालवणाऱ्या माणसाला असे चित्र कसे साधले?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाणारे हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४०च्या दशकात काढले, आणि रविवर्मा तर १९०६ सालीच निवर्तले होते. हातात दिवा धरून उभी असलेली तरुणी म्हणजे हळदणकरांची कन्या गीता.

हळदणकरांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीचा. लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवणाऱ्या चिताऱ्यांचे हे गाव, त्यामुळे रंगकाम हा चारचौघांचा उद्योग असतो हे तिथल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नसे. १९०३च्या सुमारास ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेव्हा तिथे सेसिल बर्न्स प्राचार्य होते आणि कोल्हापूरचे म. वि. धुरंधर शिक्षक होते. शिक्षण आटोपल्यावर १९०८ साली, वयाच्या पंचविशीतच, हळदणकरांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था सुरू केली. पुढे १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांतही ते होते.

आता आपला खरा प्रश्न. ‘रेघोट्या’ हा शब्द मला थोडा खटकला, हे मोकळेपणाने सांगतो. हे चित्र तैलरंगातले नाही, जलरंगातले आहे, आणि तेथेच उत्तराचा धागा सापडतो. तैलरंगात चुकलेली जागा खरवडून पुन्हा रंगवता येते. जलरंगाच्या रूढ पद्धतीत पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागद, म्हणून सर्वांत उजळ जागा कोणती हे पहिला हात देण्याआधीच ठरवावे लागते, आणि वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वाळायच्या आत त्यावर कुंचला फिरवला तर रंग मळतो. मग दिव्याचा उजेड बोटांच्या फटींतून तांबूस होऊन झिरपतो, तळहाताच्या आडोशाने मंदावत चेहऱ्यावर पसरतो आणि मागच्या अंधारात विरतो, हे सारे कागद न दुखवता साधायचे असेल, तर हाताला केवढी सवय हवी!

ही सवय वर्गात लागते, असे माझे मत आहे. जलरंग शिकवायचा म्हणजे नुसते बोलून भागत नाही. वॉश कसा सोडायचा, कागद किती ओला असताना दुसरा रंग लावायचा, हे विद्यार्थ्यासमोर स्वतः करून दाखवावे लागते, आणि पुढच्या वर्षी नवी मुले आली की पुन्हा पहिल्यापासून. हे चित्र झाले तेव्हा मास्तरांनी साठी ओलांडली होती आणि वर्ग सुरू होऊन तीन तपे उलटली होती.

पुन्हा म्हैसूरला जाणे झाले तर चेहऱ्याआधी ज्योतीला आडोसा देणारा तो हात पाहावा आणि वडिलांनाही बरोबर न्यावे.