तिला फोन कर

प्रिय मुली,

रविवारी तलावपाळीवर तू विचारलंस, "काका, मी आता नक्की कुठली?" मी भेळ खात गप्प बसलो. बरं झालं, नाहीतर काहीतरी गोडगोड बोलून मोकळा झालो असतो.

युरोपातल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी इरॅस्मस योजना १९८७ सालची. पोरं शेजारच्या देशांत शिकली की स्वतःला युरोपीय मानू लागतील, ही त्यामागची एक आशा. पुढे अभ्यासकांनी तपासलं तेव्हा चित्र इतकं सरळ निघालं नाही. जाणारी बरीच मुलं मुळातच त्या मनाची असतात, आणि तिथे स्थानिकांपेक्षा आपल्यासारख्या परक्यांतच रमतात. तुझंही तेच. बेल्जियममध्ये वर्ष काढलंस, एका तरी बेल्जियन घरी जेवलीस का? तुझा सगळा युरोप वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात: पोलंडची एक, तुर्कस्तानची एक, कराचीची एक. तो खोटा नव्हता. पण ही ओळख पदवीसारखी फ्रेम करून भिंतीवर लावता येत नाही. फोन कर त्यांना.

वैतागू नकोस, माझं ऐक. १९९६ साली जर्मनीत माझ्या शेजारच्या खोलीत लाहोरचा मुलगा होता. जर्मनांना आम्ही दोघं सारखेच. डाळीला फोडणी जिऱ्याची की लसणाची, यावर रोज भांडण. नौपाड्यात जन्म काढला असता तरी असा माणूस भेटला नसता. परतल्यावर त्याची दोन पत्रं आली. एकाला उत्तर दिलं. मग १९९९, कारगिल. मी सरकारी नोकरीत, घरी लाहोरचं पाकीट आलं तर पोस्टमनसुद्धा दोनदा बघणार. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस, त्यामुळे मला भित्रा म्हणू नकोस. काकूला विचार ते दिवस कसे होते.

त्याचा पत्ता असलेली डायरी २६ जुलैच्या पुरात गेली. आम्ही तळमजल्यावर राहायचो, त्यात माझा काय दोष? पण पूर आला २००५ साली. त्याआधी सहा वर्षं ती कपाटात कोरडीच होती.

म्हणून सांगतो, फोन कर. 'मी कुठली' हे नंतर बघू. हिवाळ्यात पोलंड आपल्या साडेचार तास मागे असतं (उन्हाळ्यात साडेतीन), तेव्हा रात्री साडेनऊला लावलास तर तिथे पाच वाजलेले असतील. कराचीला तर वेळेची सबबही नाही, फक्त अर्धा तास मागे.

तुझा,
काका