ख्रिस्ती विचारात देवाचा चांगुलपणा आणि न्याय वेगळे काढता येतात का?

तुमचा प्रश्न असा की बायबलच्या जुन्या करारातला देव कडक न्यायाधीश, नव्या करारातला प्रेमळ बाप. मग हे दोन गुण एकाच देवाचे कसे? सरळ सांगायचं तर मुख्य प्रवाहातल्या ख्रिस्ती विचाराने त्यांची फारकत कधीच मान्य केली नाही. एकाने करून पाहिली आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

तो मार्सियन, काळ्या समुद्राकाठच्या सिनोपेचा. रोममध्ये इ.स. 144 च्या सुमाराला त्याला काढून टाकलं. त्याच्या मते जग घडवणारा, नियम लावणारा, शिक्षा देणारा देव वेगळा आणि येशूने दाखवलेला निव्वळ चांगला देव वेगळा. मग जुना करार गेलाच. उरलं लूकचं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं, तीही कात्री लावून.

त्याच्यावर तुटून पडला कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन. भलताच तिखट माणूस, मार्सियनविरुद्ध पाच पुस्तकं लिहिली. त्याचा मुद्दा असा, की जो देव 'हे करू नका' म्हणतो आणि केलं तरी ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या चांगुलपणाचा फायदा फक्त वाईट माणसालाच. मला हे पटतं. अठरा वर्षांच्या नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारे माहुलीचे रामशास्त्री आम्ही शाळेत शिकलो. ते कडक होते म्हणून चांगुलपणात उणे, असं साताऱ्यात कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

पण खरी अडचण शिक्षेची नाहीच, ती आहे जास्तीच्या दयेची. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला घ्या. सकाळी लावलेल्या मजुरांना ठरल्याप्रमाणे एक दिनार, आणि संध्याकाळी पाचला आलेल्यांनाही एकच दिनार. आमच्या तासगाव भागात हा उतारा वाचला की मंडळीत चुळबुळ होते, कारण निम्म्या बायका स्वतः द्राक्षबागेत विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) जाणाऱ्या. एकदा उपासना सुटल्यावर एका मावशींनी पाळकांना दारातच गाठलं. "साहेब, मग दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कामाला येणार कोण?" पाळक नुसतेच हसले. मालकाची बाजू मांडायला मीही त्या वेळी पुढे झालो नाही, मावशींसमोर कोण होणार!

तरी दाखला नीट पाहा. मालकाने सकाळच्या मजुरांची हजेरी कापून उशिराच्यांना दिली असती, तर तो न्यायी राहिला नसता आणि चांगलाही नाही. त्यांचं ठरलेलं त्यांना पुरतं मिळालं. वरचं गेलं ते मालकाच्या खिशातून, तेही ज्यांना दिवसभर कुणी कामावर लावलंच नव्हतं त्यांना. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने हेच हिशेबात मांडलं: ज्याला शंभर द्यायचे आहेत त्याला कुणी स्वतःच्या पैशातून दोनशे दिले, तर न्याय मोडत नाही. त्याचं पुढचं म्हणणं, की देवात हे गुण एकमेकांना जोडलेले भाग नाहीत; देव एकच, आपली बुद्धी तोकडी म्हणून आपण त्याला दोन नावांनी बोलतो. तर्क चोख आहे, पण ज्याच्या घरात अन्याय झालाय त्याला हे ऐकवायला जाऊ नये.

वाद मिटलेला नाही हेही खरं. नरकाच्या शिक्षेबद्दल चौथ्या शतकातला निस्साचा बिशप ग्रेगरी म्हणत होता की ती शुद्ध करण्यासाठी आहे आणि शेवटी सगळेच परत येतील. त्याच्यानंतरचा आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन म्हणाला, ती कायमची. दोघांची तोंडं दोन दिशांना, पण देव चांगला तेवढा खरा आणि न्याय दुसऱ्या कुणाचा, हा मार्सियनचा तोडगा दोघांपैकी एकालाही चालला नसता.