बारा मिनिटं आणि तीन सेकंद

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझी फाईल काल रात्री उघडली. एका अक्षावर अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकून खेळी चालवणाऱ्याचे, वंडरलिक या लेखी बुद्धिचाचणीतले गुण, दुसऱ्यावर कारकीर्द, आणि मध्ये ठिपक्यांचा नुसता सडा. खाली तू ठोकून दिलंयस, ‘या खेळाशी बुद्धीचा संबंध नाही.’ इतकी घाई बरी नव्हे.

ठिपके खोटे नाहीत. डॅन मरिनोला ५० पैकी १५-१६ गुण होते म्हणतात, तरी १९८४ च्या हंगामात त्याने तब्बल ५,०८४ यार्डांचे पास टाकले. हार्वर्डच्या रायन फिट्झपॅट्रिकला ४८. तो १७ हंगाम नऊ संघांतून खेळला, पण प्लेऑफचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २००९ मध्ये एक अभ्यास आला होता. तीन ड्राफ्टमधल्या, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक फेऱ्यांमधल्या, ७६२ खेळाडूंचे गुण आणि मैदानातली कामगिरी यांत सांगण्यासारखा संबंध मिळाला नाही. टाईट एंड आणि डिफेन्सिव्ह बॅक या जागांवर खेळणाऱ्यांत तर उलटाच दिसला. ही चाचणी एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, २०२२ मध्ये ड्राफ्टआधीच्या कम्बाईन या चाचणी-शिबिरातून काढून टाकली.

मग माझी हरकत कशाला? कारण हीच चूक मी करून बसलो आहे. कारखान्यात असताना शिकाऊ मुलं घ्यायला आम्ही लेखी चाचणी ठेवली होती, ६० च्या खाली प्रवेश नाही. वर्षभराने मी घेतलेल्या मुलांचे गुण आणि काम ताडून पाहिलं. काही जुळेना. ‘चाचणी निरुपयोगी’ म्हणून मी रुबाबात अहवाल दिला, साहेबांनी ती बंद केली. पुढच्या तुकडीतल्या निम्म्या मुलांना मायक्रोमीटर वाचता येईना! ६० च्या खालचे माझ्या तक्त्यात कधी नव्हतेच, हे मला तेव्हा कळलं. तुझ्या तक्त्यातही फक्त ड्राफ्टपर्यंत पोचलेले आहेत. प्लेबुक, म्हणजे संघाच्या खेळींची वही, डोक्यात शिरत नाही म्हणून कॉलेजातच मागे पडलेला मुलगा त्यात कुठे आहे?

दुसरं, चाचणी काय मोजते ते बघ. बारा मिनिटांत पन्नास प्रश्न: शब्दांचे अर्थ, किमतींचे हिशेब, आकृत्या. मुळात ती नोकरभरतीसाठी. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्यूक पॉवर कंपनीच्या खटल्यात, कामाशी संबंध दाखवता येत नाही आणि कृष्णवर्णीय कामगार वगळले जातात, म्हणून ज्या चाचण्यांवर ताशेरे ओढले, त्यांत वंडरलिक होती. त्याच दशकात फुटबॉलवाल्यांनी ती डोक्यावर घेतली, हा विनोदच.

आता क्वार्टरबॅक बघ. प्ले क्लॉकवर, म्हणजे खेळी सुरू करायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर, १५ सेकंद उरले की हेल्मेटमधला प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. तेवढ्यात समोरचा सेफ्टी, म्हणजे मागे उभा राहणारा बचावपटू, दोन पावलं पुढे सरकतो, याने ओरडून खेळी बदलायची. चेंडू हातात आला की जेमतेम तीन सेकंद, अंगावर धावून येणारी सव्वाशे किलोची माणसं वेगळीच. हे कागदावर कसं उतरवणार? नव्या संगणकी चाचण्या हेच मोजतो म्हणतात. तरी २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउड या क्वार्टरबॅकचा एस-टू या अशाच एका चाचणीतला कमी निकाल फुटून बाहेर आला, त्यावर काय चर्चा झाल्या, आणि त्याच हंगामात तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. अर्थात एका स्ट्राउडवरून ती चाचणीही मोडीत काढू नकोस.

तर ते खालचं वाक्य खोड. जागांप्रमाणे खेळाडू वेगळे कर, क्वार्टरबॅक आणि बचावातला कॉर्नरबॅक एका पोत्यात भरू नकोस. ड्राफ्ट क्रमांकाचा रकाना घाल. वरच्या क्रमांकाच्या मुलाला चुका करूनही खेळवत ठेवतात, हे यार्डांत मुरलेलं असतं. आणि वर्तमानपत्रांत फुटलेले गुण वेगळ्या रंगात दाखव, ते संघांनी जाहीर केलेले नाहीत. नवा आलेख रविवारपर्यंत पाठव. चष्म्याचा नंबर वाढलाय, ठिपके जरा मोठे काढ.

तुझा,
काका