लष्करात महिला अधिकारी कर्नलच्या वर इतक्या कमी का? जवान त्यांचं ऐकत नाहीत म्हणून का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण तो जवान मीच. पारोळा तालुक्यातला, कोरडवाहू कपाशीवर पोट असलेल्या घरातला. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर म्हणून २४ वर्षं काढली.

बहुतेक जवान खेड्यातले, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नसते, असं सरकारने सुप्रीम कोर्टात मांडलं होतं. पेपरात वाचलं तेव्हा फार लागलं मला. झोजिलाच्या चिखलात आमची गाडी रुतली होती, तेव्हा कॅप्टन मॅडम स्वतः खाली उतरल्या आणि टॉर्च दातात धरून मागच्या चाकाखाली दगड लावू लागल्या. साक्रीकडचा माझा जोडीदार म्हणाला, "बाई शे म्हनीसन काय झायं, साहेब शे ती." पुन्हा तो विषय कधी निघाला नाही.

खरी अडवणूक नियमांत होती. १९९२ ला बायकांना घेतलं ते ५ वर्षांसाठी. मुदत वाढत वाढत १४ वर्षांवर आली आणि तिथेच थांबली. आता हिशेब बघा. कर्नलच्या एक पायरी खालच्या लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती नोकरीच्या वर्षांवर मिळते, १३ वर्षांनी. कर्नल मात्र निवड मंडळ ठरवतं. म्हणजे त्या दारापाशी पोचेपर्यंत बाईची नोकरीच संपायची. पेन्शनला २० वर्षं लागतात, तीही नाही. आमच्या मॅडम अशाच घरी गेल्या.

डॉक्टरांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची नोकरी, पहिल्यापासून होतं, म्हणून तिथे पुनीता अरोरा २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, पुढे आपल्या माधुरी कानिटकर झाल्या. बाकी शाखांत २००८ ला फक्त कायदा आणि शिक्षण विभागाला कायम कमिशन मिळालं. इतरांसाठी १७ फेब्रुवारी २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यावा लागला. युनिटची कमांड बायकांना सरसकट नाकारता येणार नाही, हेही त्यातच आलं.

त्यानंतरही अडवलंच. पुढे बढती नाहीच म्हणून ज्यांचे वार्षिक गोपनीय अहवाल वरवर लिहिले गेले होते, त्यांना कायम कमिशन देताना त्याच अहवालांवर तोललं. पुरुषांची जी वैद्यकीय कसोटी नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी होते, ती चाळिशी ओलांडलेल्या बायकांना लावली. मार्च २०२१ मध्ये कोर्टाने हा भेदभाव असल्याचं स्पष्ट म्हटलं. मग जानेवारी २०२३ मध्ये कर्नलच्या १०८ जागांसाठी महिलांचं खास निवड मंडळ बसलं. पायदळ आणि रणगाडा दल त्यांना अजून बंदच आहे.

पहाटे गावच्या मैदानावर मी पोरापोरींची धावायची तयारी करून घेतो. त्यांतली एक बारावीची मुलगी एनडीएचा, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेचा, अभ्यास करते. तिथली मुलींची पहिली तुकडी, १७ जणींची, मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यांच्यातली कर्नल दिसायला २०४० उलटून जाईल.